हत्ती गेला, शेपूट राहिलं

स्वयंपाक संपला असं नेमकं कधी म्हणायचं? गॅस बंद केला की? सगळे जेवायला बसले की? जेवून हात धुतले की? याचं उत्तर घरोघरी वेगळं असतं, आणि स्वयंपाकघर नीटनेटकं राहणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरतं असं माझं मत आहे. ओटा केवढा, कपाटं किती, घरात माणसं किती, हे सगळं त्यानंतरचं.

पसारा पडलेला एखादा ओटा जवळ जाऊन निरखून बघा. लांबून बघितलं तर छाती दडपते, जवळून बघितलं तर हसू येतं. तेलाची बाटली बाहेर आहे आणि तिचं झाकण तिच्या शेजारी आहे. मिठाची बरणी उघडी, चमचा आतच. सुरी धुतलेली आहे, पण पुसून जागेवर गेलेली नाही. कांद्याची सालं एका कोपऱ्यात व्यवस्थित गोळा केलेली, कचऱ्याच्या डब्यापासून हातभर अंतरावर. दुधाचं पातेलं रिकामं, त्यात पाणी घालून ठेवलेलं. पिठाच्या डब्यावर झाकण नुसतंच टेकवलेलं, दाबलेलं नाही. यातलं एकही काम कुणी टाळलेलं नाही. प्रत्येक काम जवळजवळ झालेलंच आहे. सालं गोळा करण्याइतकी शिस्त त्या माणसात होती, उचलून डब्यात टाकायच्या आधी कुठून तरी हाक आली किंवा गॅसवरचं काही उतू जायला लागलं. पसारा दिसला की आपण आळसाला बोल लावतो, बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी आळसाला. पण हत्ती गेलेला असतो, शेपूट तेवढं राहिलेलं असतं. अशी दहा-बारा शेपटं एका ओट्यावर जमली की झाला पसारा.

म्हणूनच सुट्टीच्या दिवशी कंबर कसून ‘आज स्वयंपाकघर काढतोच’ म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो, भरवसा मात्र वाटत नाही. सगळे डबे खाली, कपाटं आतून पुसून लख्ख, खणातले कागद बदललेले, संध्याकाळी पाठ धरलेली. आणि आठवडा सरायच्या आत ओटा पुन्हा होता तसा. मोहिमेत स्वच्छ होते ती कपाटाची आतली बाजू. पसारा तयार होतो बाहेर, रोजच्या रोज. मोहीम वाईट नव्हे. वर्षाकाठी एखादी हवीच, डब्यांच्या मागे काय काय दडलंय ते बघायला तरी. रोजच्या पसाऱ्यावर ती लागू पडत नाही, इतकंच.

शेपूट लगेच ओढून घेतलं तर काही सेकंदांचं काम असतं आणि राहू दिलं तर घासत बसावं लागतं. यात नैतिक काही नाही, निव्वळ रसायनशास्त्र आहे. तेलाचंच बघू. कढईतून उडालेला थेंब भिंतीवर बसतो तेव्हा तो साधा तेलाचा थेंब असतो. साबणाच्या पाण्यातून पिळलेलं फडकं फिरवलं की जातो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि दोघं मिळून तेल उचलून नेतात. तोच थेंब तसाच राहिला तर दाट होत जातो. काही आठवड्यांनी त्याचा पिवळसर, मेणचट राप होतो, त्यावर धूळ बसते आणि मग नखानं खरवडलं तरी नुसती रेघ उमटते. खाद्यतेलातली असंपृक्त मेदाम्लं हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात आणि त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचं एक जाळं तयार होतं. उष्णतेनं ही क्रिया आणखी भरभर होते. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात आणि तो कालांतरानं कॅनव्हासवर पक्का बसतो, तोही याच क्रियेनं. बिडाचा तवा मुरवतात तेव्हा त्यावर धरणारा काळा थर हाही त्याच कुळातला. तव्यावर तो आपल्याला हवा असतो, शेगडीमागच्या भिंतीवर नको असतो, आणि तेल बिचारं दोन्हीकडे सारखंच वागतं. एकदा जाळं झालं की साबणाच्या रेणूला धरायला सुटं तेलच उरत नाही. मग जहाल द्रावणं, तारेची घासणी, ओरखडे.

त्यामुळे माझा रोजचा एकच नेम आहे आणि त्याची वेळ ठरलेली आहे. गॅस बंद झाला की शेगडी हात लावण्याइतकी निवेपर्यंत थांबायचं, पण पूर्ण गार होऊ द्यायची नाही. कोमट असताना तेल सैल असतं. फडकं घट्ट पिळलेलं हवं. ओलं गच्च फडकं तेल पुसत नाही, पसरवतं. आधी मागची भिंत, वरून खाली. मग बर्नरच्या जाळ्या बाजूला काढून शेगडी. मग ओटा, भिंतीकडून स्वतःकडे, आणि कडेशी दुसऱ्या हाताची ओंजळ धरून कण त्यात घ्यायचे. जमिनीवर पाडून ‘नंतर झाडू’ म्हणायचं नाही. शेवटी बाटल्या आणि बरण्या एकेक उचलून त्यांच्या बुडाखालून फडकं फिरवायचं. तेलाच्या बाटलीच्या बुडाशी उमटणारं ते गोल वळं हा ओट्यावरचा सगळ्यांत चिवट डाग, कारण त्याच्यावर बाटलीच उभी असते, तो दिसतच नाही. बाटली एका लहानशा ताटलीत ठेवली तर ओटा वाचतो. भांड्यांबरोबर ताटली धुतली की काम झालं. हे सगळं लिहायला जितका वेळ लागला त्याहून करायला कमी लागतो.

पीठ आणि दूध यांची तऱ्हा उलटी. कणिक मळलेल्या परातीवर गरम पाणी ओतलं की पिठातला स्टार्च फुगतो, त्याची खळ होते आणि ती घासणीच्या प्रत्येक छिद्रात जाऊन बसते. अंड्याचं आणि दुधाचंही तेच. त्यांच्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात आणि भांड्याला आणखी चिकटतात. त्यांना आधी गार पाणी, मग साबण. तेला-तुपाच्या भांड्याला मात्र गरम. पुष्कळ जण सगळ्याच भांड्यांना कढत पाणी घालून मोकळे होतात आणि मग परात घासताना पिठाला शिव्या देतात.

आता हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा? स्वयंपाकात वाट बघण्याचा वेळ किती असतो, तो एकदा मोजून बघावा. पाणी उकळायची वाट, कांदा लाल व्हायची वाट, कुकरची वाफ जिरायची वाट. या फटीत आपण फोन उघडतो. एकदा उघडला की फट बुजते आणि वर कांदाही करपतो. त्याऐवजी हातासरशी एक भांडं विसळून पालथं घालावं, एक बरणी झाकण लावून जागेवर न्यावी. एकच. फटीत मावेल तेवढंच. मोठ्या उपाहारगृहांच्या स्वयंपाकघरात सतत पुसापुशी चाललेली असते, ती काही तिथल्या लोकांना पुसण्याची हौस असते म्हणून नव्हे. एकेकाला उभं राहायला आणि चिरायला मिळून इतकी कमी जागा असते की मागचं आवरल्याशिवाय पुढचं मांडताच येत नाही. घरात उलट होतं. ओटा लांबलचक असला की पसारा सरकवायला जागा मिळते. इथून तिथे, तिथून पलीकडे. मोठं स्वयंपाकघर मिळालं की सगळं नीट राहील, अशी आशा धरून बसलेल्यांना मी नेहमी सांगतो की मोठ्या ओट्यावर शेपटंही मोठ्या संख्येनं मावतात.

एक पथ्य मात्र पाळावं. तेल तापत असताना भांडी विसळायला वळू नये. आणि दुसऱ्या टोकाची माणसंही असतात, आपण ढवळायला घेतलेला चमचा बाजूला ठेवला की तो उचलून धुऊन, पुसून खणात ठेवून देणारी. आपण वळतो तो चमचा गायब. त्यांच्याबरोबर स्वयंपाक करणं हा एक वेगळाच संयमाचा विषय आहे.

चिरताना शेजारी एक वाडगा ठेवावा. सालं, देठं, बिया, फाटकी पिशवी, सगळं त्यात. शेवटी एकदाच उचलून डब्यात रिकामा करायचा. ही युक्ती जुनीच. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं, तेव्हा चिरायच्या टेबलालाच त्यांनी काढता-घालता येणारा कचऱ्याचा खण बसवला होता. चिरलं, हातानं लोटलं, खणात पडलं. तेव्हा बाई २९ वर्षांच्या होत्या आणि आपण त्याआधी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. त्यांनी केलं ते एवढंच की काम करणाऱ्या बाईची पावलं आणि हात कुठून कुठे जातात हे बारकाईनं पाहिलं. जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब जागेत शेगडी, सिंक, टेबल, भांडी, साठवण असं सगळं बसवलं. तांदूळ, साखर वगैरेंसाठी ॲल्युमिनियमचे मुठीचे खण केले. मूठ धरून खण ओढायचा आणि त्यातूनच भांड्यात ओतायचं. मधे चमचा नाही, वाटी नाही, त्यामुळे त्या विसळणंही नाही. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं त्या शहरात बसवली गेली. आजच्या एकसंध ओट्याच्या, जडवलेल्या कपाटांच्या स्वयंपाकघराचं मूळ शोधत गेलं तर बरेच जण तिथेच येऊन थांबतात.

त्या खणांकडे बघून मला एक गोष्ट कळते. वस्तू बाहेर काढणं आणि ती परत ठेवणं ही सारख्याच कष्टाची कामं वाटतात, पण ती तशी नसतात. काढताना आपल्याला गरज असते. कढई हवी असेल तर वरची तीन भांडी बाजूला करून आपण ती काढतोच. परत ठेवताना गरज कसलीच नसते. जेवण झालेलं असतं, डोळे मिटत असतात. अशा वेळी तीन भांडी उचलून चौथं त्यांच्या खाली सरकवायचं असेल तर ते चौथं भांडं ओट्यावरच राहायला येतं, पाहुणा म्हणून येतं आणि बिऱ्हाड करतं. म्हणून मांडणी करताना काढणं सोपं आहे का हे बघूच नये. ठेवणं एका हाताच्या एका हालचालीत होतंय का, हे बघावं. रोजची कढई सगळ्यांत वर किंवा एकटी. झाकणं उभी. सुरी चिरायच्या पाटाच्या हाताशी. उलथनं, झारा, पळी शेगडीपाशी, उघड्यावर, बंद खणात नव्हे. वर्षातून चारदा लागणारं मोठं पातेलं माळ्यावर गेलं तरी चालेल. त्याला परत ठेवायचे कष्ट चारदाच पडणार.

एकसारख्या काचेच्या बरण्या, त्यांच्यावर सुबक अक्षरांतली नावं, हे दिसायला देखणं असतं आणि मला त्याचा हेवाही वाटतो. पण साखरेच्या बरणीवर ‘साखर’ लिहिल्यानं कुणाची सोय होते ते मला अजून समजलेलं नाही. बरणी पारदर्शक आहे. बरणीवर लिहायचंच असेल तर ती कधी भरली ती तारीख लिहावी. चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन पुरतं. जुनं पुढे, नवं मागे, आणि नवी पिशवी फोडून जुन्या पिठावर ओतायची नाही, कारण कीड असलीच तर ती तळच्या चार मुठींत असते.

आता सिंक. दिवसाचं शेवटचं शेपूट तिथे असतं आणि ते राहिलं की सकाळ नासते. पहिली सबब असते ‘भिजत घातलंय’. भिजत घालणं खरंच उपयोगाचं आहे, पण पाण्याला जे सैल करायचं असतं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात करून होतं. त्यानंतर रात्रभर भांडं भिजत नसतं, पडलेलं असतं. त्या पाण्यात अन्नाचे कण, उबदार हवा आणि ओल असा जिवाणूंना हवा असलेला सगळा सरंजाम असतो. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात.

भांडी घासण्याआधीची एक पायरी मात्र जवळजवळ कुणीच करत नाही, ती म्हणजे तेलकट भांडं कागदानं किंवा जुन्या चिंधीनं पुसून मग घासायला घेणं. कढत पाण्याबरोबर तेल वाहून गेलं म्हणजे गेलं असं वाटतं, पण ते जातं ते पुढच्या नळीत, आणि तिथे गार होऊन थिजतं. त्याला भाताची शितं चिकटतात, चहाचा चोथा चिकटतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असा एक गोळा सापडला होता, मुख्यतः थिजलेली चरबी आणि ओले पुसण्याचे कागद यांचा. लांबी २५० मीटर आणि वजन १३० टन. तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे संग्रहालयात मांडला गेला आणि लोकांनी जाऊन बघितला. आपल्या सिंकखालच्या वाकड्या नळीत एवढं काही होत नाही, पण पाणी हळूहळू उतरायला लागलं की समजावं, आत काहीतरी बाळसं धरतंय. जाळी रोज उचलून कचऱ्याच्या डब्यावर आपटावी आणि उलट बाजूनं जुन्या टूथब्रशनं घासावी. पालथी केलेली जाळी बघितली की कळतं, आपण रोज वरून काय घासत होतो आणि खाली काय राहत होतं.

मग सिंक कोरडं पुसायचं. यावर घरात सगळे हसतात. सिंक पुसायचं? जे ओलं होण्यासाठीच आहे ते? पण घरात राहणारी झुरळं अन्नापेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून असतात. जगभरच्या घरांत आढळणारं लहान, तपकिरी जर्मन झुरळ पाणी मिळालं तर अन्नाशिवाय महिनाभर तग धरू शकतं. पाणीच नसेल तर साधारण दोन आठवड्यांच्या आत संपतं. ते बाहेर पडतं रात्री. आपण रात्री कचरा झाकतो, डबे बंद करतो आणि सिंकमध्ये चमचाभर पाणी ठेवून झोपायला जातो. शिवाय पाण्याचे थेंब वाळले की मागे क्षार राहतात आणि नळाच्या मुळाशी पांढरी पुटं चढतात. ती चढल्यावर व्हिनेगर लावून काढता येतात, संगमरवर असेल तर मात्र लावू नये, तोच विरघळायला लागतो. कोरडं पुसलं तर पुटं चढतच नाहीत.

पुसायचं कशानं, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सगळं स्वयंपाकघर चकचकीत आणि फडक्याला आंबूस वास, असं दृश्य मी पुष्कळ ठिकाणी बघितलं आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये घरगुती वापरातले १४ स्पंज तपासले. त्यांत जिवाणूंचे ३६२ प्रकार आढळले आणि काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये त्यांची संख्या पाच हजार कोटींच्या घरात होती. सगळे काही अपायकारक नव्हते. पण जे स्पंज नेमानं उकळले किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवले जात होते असं मालकांनी सांगितलं, त्यांतही जिवाणू कमी नव्हते. उलट वास आणणाऱ्या जातीच्या जिवाणूंचं प्रमाण जास्त दिसलं. तगडे तेवढे उरतात आणि मोकळी झालेली जागा भरून काढतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. स्पंज नियमित बदला, हा त्या संशोधकांचा सल्ला. मी स्पंज सोडून दिला. पातळ सुती फडकी घेतली, कारण ती वाळतात. सगळी किमया वाळण्यात आहे. ओट्याचं वेगळं, हात पुसायचं वेगळं, भांडी पुसायचं वेगळं, आणि तीनही फडकी रात्री पिळून, झटकून, पूर्ण उलगडून टांगायची. नळावर बोळा करून ठेवलेलं फडकं सकाळपर्यंत आत ओलंच राहतं. पुसायचं साधन हेच न संपलेलं काम होऊन नळावर लोंबकळत असतं आणि सकाळी आपण तेच ओट्यावर फिरवतो.

फ्रिजबद्दल थोडक्यात. उरलेलं अन्न शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावं, हवा फार गरम असेल तर तासाभरात, आणि फ्रिजचं तापमान ५ अंश सेल्सिअसच्या वर नसावं. अन्न खोल पातेल्यात तसंच न सरकवता उथळ डब्यांत काढलं की लवकर निवतं, आणि पातेलंही त्याच रात्री घासून मोकळं होतं. फ्रिजच्या मागच्या भिंतीपाशी अपारदर्शक डबा ठेवणं म्हणजे त्याला निरोप देणं.

आणि खायचा सोडा व व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याबद्दल त्याहूनही थोडक्यात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. अल्क आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. घासायला सोडा घ्या, क्षार काढायला व्हिनेगर घ्या, पण वेगवेगळ्या वेळी. ब्लीच मात्र कुठल्याही आम्लात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि स्वयंपाकघरासारख्या लहान जागेत तो गमतीचा विषय नाही.

एवढं सगळं रोज कोण करणार, असं वाटणं साहजिक आहे. एकदम सगळं करायला घेतलं तर कुणीच नाही करणार. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना एकेक लहानशी नवी सवय निवडायला सांगितली आणि १२ आठवडे तिचा माग ठेवला. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आपोआप घडण्याइतकी सवय अंगात भिनायला सरासरी ६६ दिवस लागत होते, पण माणसामाणसांत फरक मोठा, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे हिशेबानं काढलेला अंदाज). मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट दुसरीच आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे एक रात्र ओटा तसाच टाकून झोपलात तर आकाश कोसळत नाही. आपण मात्र एक दिवस मोडला की ‘गेलं सगळं’ म्हणून नेमच सोडून देतो. त्या अभ्यासात प्रत्येक सवय रोजच्या एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधलेली होती, जेवणानंतर, न्याहारीनंतर अशी. स्वयंपाकघरात अशा खुंट्यांना तोटा नाही. चहाचं पाणी ठेवलं की रात्रीची निथळलेली भांडी जागेवर. गॅस बंद झाला की शेगडी. फ्रिजचा दिवा रात्री शेवटचा मालवला की सिंक. ‘वेळ मिळेल तेव्हा’ ही खुंटी मात्र भिंतीत ठोकलेलीच नसते.

अगदी हातपाय गळालेल्या रात्रीसाठी माझी सवलत ठरलेली आहे. अन्न झाकून आत, कचरा बंद, भांडी निदान विसळून एकावर एक रचलेली. घासणं उद्या. विसळलेलं भांडं सकाळी भांडत नाही.

फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघरावर पुढे टीका झाली, आणि रास्त झाली. ते एका माणसासाठी आखलेलं होतं. दुसरं कुणी मदतीला आलं तर उभं राहायला जागा नाही. आत शिरलेली बाई घरापासून तुटल्यासारखी व्हायची. मांडणी इतकी नेमकी की ती जिच्या अंगवळणी पडली तिलाच कळायची. आजही पुष्कळ घरांत जागा ऐसपैस असते, पण मांडणी एकाच डोक्यात असते. बाकीच्यांना चाळणी कुठे ते विचारावं लागतं, आणि विचारायचा कंटाळा आला की ते काहीतरी कुठेतरी ठेवून देतात. मग त्या एका डोक्याची चिडचिड. घरातल्या एखाद्या मुलाला सांगावं, न विचारता झारा शोधून आण. तो पहिल्यांदा जिथे हात घालेल ती झाऱ्याची खरी जागा. झारा तिकडे हलवावा, मुलाला ओरडू नये. अमेरिकी अभियंता लिलियन गिलब्रेथ यांना पायानं उघडणाऱ्या कचरापेटीचं आणि फ्रिजच्या दारातल्या कप्प्यांचं श्रेय दिलं जातं. त्या आणि त्यांचे पती फ्रँक कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचाली तपासत, तीच नजर लिलियन यांनी पुढे स्वयंपाकघराकडे वळवली. त्यांना १२ मुलं होती. पायानं उघडणारी पेटी हात भरलेल्या माणसाला ‘जरा झाकण उघड गं’ म्हणून कुणाला हाक मारायला लावत नाही. ज्या सोयीनं हाक मारणं वाचतं ती सोय मला महागड्या कपाटांपेक्षा मोलाची वाटते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं की आमच्याकडे एक खण आहे जो कधीच आवरला जात नाही, आणि तो आवरू नये असं माझं ठाम मत आहे. रबरबँड, कुठल्या कुलुपाची ते माहीत नसलेली किल्ली, अर्धी मेणबत्ती, कुकरची जुनी रिंग, स्क्रूड्रायव्हर, कसल्याशा यंत्राबरोबर आलेले दोन स्क्रू, संपत आलेली चिकटपट्टी, काड्यापेटी. ज्या वस्तूंना जागा नाही त्यांना कुठेतरी जावंच लागतं. हा खण नसता तर त्या ओट्यावर आल्या असत्या. दिवे गेले की सगळे न विचारता त्याच खणाकडे धावतात. तो बंद व्हायचा थांबला की वरच्या मूठभर वस्तू काढून टाकतो आणि बाकीच्या हातानं दाबून पुन्हा आत ढकलतो.